पहिली रॅली कार बांधताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

बेळगावात गाडी बांधायची म्हटलं की निम्मं काम झाल्यासारखंच वाटतं. उद्यमबागेत फौंड्री आहेत, मच्छेपर्यंत लेथ-मिलिंगची शेडं आहेत, ऑटोनगरात पत्र्याचं काम करणारे हात आहेत. नमुना दाखवला की तसाच भाग करून देणारा मेस्त्री आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतो. रॅली कारच्या बाबतीत मात्र ही सोय कधी कधी घात करते. काही वस्तू खुशाल इथे करून घ्याव्यात आणि काही वस्तू, कारागीर कितीही नामी असला तरी, कधीही करून घेऊ नयेत. मला विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांत हा फरक कुठे ना कुठे येतोच.

रॅली म्हणजे नेमकं काय? सगळ्या गाड्या एकदम सुटतात का?

नाही. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात आणि प्रत्येक गाडी घड्याळाशी झगडते. रहदारी बंद केलेला रस्ता, बहुतेक वेळा मातीचा, म्हणजे स्पेशल स्टेज. तिथे वेग मोजला जातो. एका स्टेजकडून दुसरीकडे जाताना साधा, चालू रस्ता असतो. तिथे वाहतुकीचे सगळे नियम पाळून, नेमून दिलेल्या मिनिटाला पुढच्या टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, पोचायचं असतं. एफआयए म्हणजे मोटर स्पर्धांची जागतिक संघटना. तिच्या नियमांत उशिरा पोचलं तर मिनिटामागे १० सेकंद दंड आहे आणि लवकर पोचलं तर मिनिटामागे पूर्ण १ मिनिट! चालक आणि शेजारी बसून वाट-वेळ सांगणारा नेव्हिगेटर अशा नवख्या जोड्या बऱ्याचदा इथेच मार खातात.

गाडी बांधायच्या आधी भाग घेता येतो का?

येतो, आणि घ्याच. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतराची रॅली घरच्या गाडीने करता येते. ठरवून दिलेला सरासरी वेग जो अचूक पाळेल तो जिंकतो. त्यात नेव्हिगेटरचं डोकं तयार होतं. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर एकेकट्या गाडीची फेरी. तिथे कमी खर्चात हात बसतो.

आणखी एक सांगतो, ज्याकडे पोरं दुर्लक्ष करतात. एखाद्या रॅलीत मार्शल, म्हणजे स्टेजवर राखण करणारा स्वयंसेवक, म्हणून दोन दिवस उभे राहा. चिकमगळूर किंवा कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत, नाहीतर कोइमतूरला. कुठल्या गाड्या बंद पडतात, कशाने पडतात आणि सर्व्हिस पार्कात, म्हणजे दुरुस्तीच्या तळावर, वीस मिनिटांत लोक नेमकं काय उघडतात, हे डोळ्यांनी बघितल्यावर तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तू तुम्ही स्वतःच खोडाल.

पहिल्यांदा कोणती गाडी घ्यावी?

जिचे सुटे भाग निपाणीच्या दुकानातही मिळतील ती. म्हणजे जुनी मारुती.

मारुती ८०० हलकी आहे, साधारण साडेसहाशे किलो. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कुठलाही मेस्त्री डोळे झाकून उघडतो. ताकद कमी आहे, पण पहिल्या वर्षी ते वरदानच समजा. वेग टिकवायचा असेल तर वळणाच्या आधी उगाच ब्रेक मारायची सवय सोडावीच लागते. एस्टीम हा माझा स्वतःचा कौल. १.३ लिटर, एमपीएफआय इंजिनाला ८५ अश्वशक्ती, आणि भारतीय रॅलीत ही गाडी इतकी वर्षं धावली की तिचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत. तिचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, त्यामुळे आता गंज न लागलेली शोधावी लागते. जिप्सी सगळ्यांनाच हवी असते. चारही चाकांना ताकद, शिडीसारखी मजबूत चासी, पुढेमागे पाटे. पण ती जड आहे, उंच आहे, आणि चांगल्या जिप्सीची किंमत आता पहिल्या गाडीला परवडणारी राहिलेली नाही.

इंजिन खराब असलेली गाडी चालेल, पण कुजलेल्या पत्र्याची नको. इंजिन बदलता येतं. कुजलेल्या बॉडीवर केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा लोखंडी पाइपांचा पिंजरा, उभी करणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर कौलं चढवणं. जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शनचे पुढचे टॉवर, पायाखालचा पत्रा आणि स्टेपनीचा खड्डा हे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. गोव्याकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाट उतरून जाणारे बरेच आहेत. खारी हवा काय करते ते कार्पेट उचलल्याशिवाय कळत नाही. खानापूर-कणकुंबीच्या पावसात बाहेर उभी राहिलेली गाडीही तशीच निघू शकते.

कोल्हापुरात एमएच-०९ची चांगली गाडी मिळतेय. घेऊ का?

घ्या, पण कागद आधी. सीमेवर राहतो म्हणून आपल्याला दोन्हीकडचे नंबर सारखेच वाटतात, आरटीओला वाटत नाहीत. केए-२२ किंवा चिकोडीच्या केए-२३ मध्ये आणायची तर तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, मालकी बदल आणि इकडचा रस्ता कर हे सगळं लागतं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची नोंदणी बदलावीच लागते. रॅली कार दोन स्टेजच्या मधे चालू रस्त्यावर धावते. आरसी, विमा, पीयूसी यांतला एक कागद कमी पडला तर स्पर्धेआधीच्या तपासणीतच तुम्ही अडकाल. गाडी विकणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. मी दिले होते. पुढचे आठ महिने त्या माणसाच्या दारात चकरा मारल्या.

रोल केज आमच्या ओळखीचा फॅब्रिकेटर निम्म्या किमतीत करून देतो म्हणतो. चालेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

तुमचा फॅब्रिकेटर उत्तम वेल्डर असेल. गेट, शेड, ट्रॉली यांत त्याचा हात धरणारा कोणी नसेल. तरी आधी त्याला पाइप कुठला वापरणार ते विचारा. बाजारात सहज मिळतो तो ईआरडब्ल्यू पाइप, म्हणजे पट्टी वाकवून लांबीभर जोड मारलेला. आतून बोट फिरवलं तर बऱ्याचदा ती शिवण हाताला लागते. गाडी उलटली की तो शिवणीवर उकलू शकतो. जीआय पाइप तर नकोच. त्यावरच्या जस्ताने वेल्ड कमजोर होतो आणि धूर वेल्डरच्या छातीत जातो.

एफआयएच्या परिशिष्ट जे, कलम २५३ प्रमाणे केजला बिनजोडाचा, थंड अवस्थेत ओढलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो. ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तुमच्या डोक्यामागची मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी व्यास व २ मिमी जाडी. बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. मुख्य कमान एकाच अखंड पाइपची, मधे जोड नाही. वाक देताना त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाकलेल्या जागी पाइप चपटा झाला किंवा सुरकुतला तर तो तुकडा बाजूला टाका, वाया गेला म्हणून हळहळू नका. पाइप घेताना तो बनवणाऱ्या कारखान्याचा चाचणी दाखला मागून घ्या आणि त्याची प्रत जपा. तपासनीस विचारतो.

पाय कुठे टेकतात ते पाइपाइतकंच महत्त्वाचं. कारचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला असतो. त्यावर पाइप नुसता उभा केला तर अपघातात तो फरशी फोडून खाली जातो. म्हणून प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी बॉडीला वेल्ड करावी लागते. बोल्टने बसवायची केज असेल तर पायाला किमान तीन बोल्ट, एम-८ आणि ८.८ ग्रेडचे.

आता खरी मेख. प्रत्येक जोड पाइपाच्या भोवती पूर्ण फिरलेला हवा. पण छपराला चिकटलेल्या जोडाच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचतच नाही, आणि बरेच जण ती बाजू तशीच सोडतात. खालून दिसत नाही, रंगाखाली झाकून जातं. माझ्या पहिल्या केजमध्ये हेच झालं होतं. तपासनिसाने छोटा आरसा वर धरला आणि तीन जोड अर्धेच असल्याचं दाखवलं. त्या दिवशी मी स्पर्धेत उतरलो नाही. मन खट्टू झालं, पण त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. यावर उपाय असा: पायांच्या जागी फरशीला भोकं पाडायची, केज तेवढी खाली सोडायची, छपराजवळचे जोड वरून पूर्ण करायचे, मग केज उचलून खाली पट्ट्या बसवायच्या. वेळखाऊ आहे, पण अनुभवी माणसं असंच करतात.

तेव्हा उत्तर असं. ज्याने एफएमएससीआयच्या, म्हणजे भारतातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेच्या, तपासणीत पास झालेल्या केज केल्या आहेत त्याच्याकडूनच करा, मग त्यासाठी गाडी बंगळूरला किंवा कोइमतूरला न्यावी लागली तरी चालेल. हेल्मेट लागू शकेल अशा प्रत्येक पाइपवर पॅडिंग हवं. केज बसवलेली गाडी हेल्मेटशिवाय गावात फिरवू नका. उघडा लोखंडी पाइप साध्या धडकेतही डोकं फोडतो.

मग इथे करून घ्यावं असं काय आहे?

पुष्कळ आहे, आणि यात आपण कुणाला हार जाणार नाही.

संप गार्ड, म्हणजे इंजिनाच्या तळाला दगडापासून वाचवणारं कवच, आधी. ५-६ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, पुढे वर वळवलेली, मागे गिअरबॉक्सपर्यंत. तेल सोडायचा बोल्ट उघडता यावा म्हणून भोक ठेवा. बोल्टची डोकी पट्टीत बुडवून घ्या, नाहीतर दगडाने ती घासून जातात आणि पाना बसत नाही. पेट्रोलच्या टाकीखालीही असंच कवच. चिखलपट्ट्या जुन्या कन्व्हेअर बेल्टच्या, कारखान्याच्या भंगारात मिळतात. पुढेमागे ओढायचे हूक, बॅटरीची चौकट, स्टेपनी आवळायचा स्क्रू, नेव्हिगेटरच्या पायाखालची पट्टी, दोन टॉवरना जोडणारा आडवा दांडा. डिस्क आणि ड्रम लेथवर साफ करून घेणं. इंजिन माउंटिंगचं रबर भरून घट्ट करणं. हे सगळं आपली माणसं छान करतात.

बॉडीचे जोडही इथे पक्के करता येतात. कंपनीने पत्र्यांना ठिपक्या-ठिपक्यांनी स्पॉट वेल्ड केलेलं असतं. त्यांच्या मधे इंचभर वेल्ड, मग मोकळी जागा, मग पुन्हा इंचभर, असं सस्पेन्शनच्या जागांभोवती करायचं. खालचं डांबरी अस्तर आधी पूर्ण खरवडा. आठवडाभर पाठीवर झोपून करायचं कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते घालवलेल्या तासाला सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं.

स्टीअरिंगचे रॉड, खालचे आर्म, हब, चाकाच्या डिस्क यांना मात्र वेल्डिंगचा स्पर्श नको. वाकलं की बदला. तापवून सरळ करून देणारा माणूस शेजारीच असला तरी नको.

सीट, बेल्ट, हेल्मेट जुने चालतील का?

बेल्ट आणि सीट नको. त्यांना आयुष्य असतं. एफआयएच्या ८८५५-१९९९ प्रमाणातली सीट पाच वर्षांची. बेल्टच्या लेबलवर अखेरचं वर्ष छापलेलं असतं, सध्याचं प्रमाण ८८५३-२०१६. उन्हाने आणि घामाने पट्टा कुजतो, वरून नवा दिसला तरी. एका मोठ्या अपघातात ताणला गेलेला बेल्ट संपला, मग तो काल घेतलेला असो. खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत, १० च्या आत असतील तर उत्तम. फार खाली बांधले तर धडकेत ते मणका दाबतात.

मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही. आयएसआयचा शिक्का खरा असला तरी त्याच्या आतलं अस्तर आगीसाठी तपासलेलं नसतं. हेल्मेट, मान धरून ठेवणारं हान्स आणि आग-रोधक कपडे या तिन्हींचे शिक्के तपासनीस बघतो. गाडी विकली तरी या वस्तू तुमच्याच राहतात, त्यामुळे सगळ्यांत आधी यांच्यावर खर्च करा.

इंजिनाचं काय करू?

पहिल्या वर्षी काही नाही. चांगलं ट्यूनिंग, नवा टायमिंग बेल्ट, नवा वॉटर पंप, सगळे रबरी पाइप नवे. थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. एअर फिल्टरचा डबा कुठूनही हवा ओढत नाही ना ते दिवा लावून बघा. आपली लाल माती पावडरीसारखी बारीक असते आणि ती एकदा आत गेली की दोन रॅलींत रिंगा खलास.

सस्पेन्शन आणि ब्रेक?

स्प्रिंगा कापू नका. गाडी खाली बसवणं डांबरासाठी असतं. मातीत चाकाला वर-खाली जायला जागा हवी. पैसे शॉकॲब्सॉर्बरवर घाला. साधे शॉक सात-आठ किलोमीटरच्या खडबडीत स्टेजमध्ये इतके तापतात की आतलं तेल फेसाळतं आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते.

ब्रेक ऑइल डॉट-४ घ्या आणि प्रत्येक रॅलीआधी बदला. नवं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १५५ अंशांवरच उकळू शकतं. ते उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. चोर्ला घाट भरल्या गाडीने उतरणाऱ्यांना हे सांगायला नको.

वायरिंग जुनंच ठेवलं तर?

बंद पडलेल्या आणि पेटलेल्या गाड्यांत वायरिंगचा वाटा मोठा असतो. म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक यांच्या मेलेल्या वायरी ओढून काढा. प्रत्येक दिव्याला रिले आणि फ्यूज. मेन कट-आउट स्विच आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालला पाहिजे. साधा दोन टोकांचा स्विच बसवला तर बॅटरीची जोडणी तुटते पण अल्टरनेटरच्या जोरावर इंजिन चालूच राहतं. म्हणून जादा कॉन्टॅक्टचा स्विच घ्या आणि इंजिन चालू असताना फिरवून बघा. आग विझवायचं सिलिंडर बेल्ट बांधलेल्या अवस्थेत हाताला लागतं का, हे दोघांनी बसून तपासा. बेल्ट कापायची सुरीही दोघांच्याही आवाक्यात हवी.

सराव कुठे करायचा? जांबोटीकडे रात्री रस्ता रिकामा असतो.

कृपा करून तिथे नको. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रात्री गवे रस्त्यावर येतात. भीमगड अभयारण्य तिथेच आहे, आणि जंगलातल्या मातीच्या वाटा रिकाम्या दिसल्या तरी त्या आपल्या नाहीत. चिकोडी, निपाणीकडे हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात.

सुगी झाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याचं रान मागून घ्या. बेळगावभोवतीची तांबडी जमीन सरावाला उत्तम. अथणीकडची काळी माती थोडी ओली झाली की चाकाला लगदा चिकटतो. चार दगड, दोन वळणं, कोणी माणूस-जनावर आत येणार नाही याची राखण करायला दोन मित्र. नंतर स्वतः नांगरट करून द्या, पुढच्या वर्षी पुन्हा रान मिळेल.

आणि स्पर्धेत बंद स्टेजवरही कोणी आत आलेलं दिसलं तर थांबा. २०१९ मध्ये राजस्थानातल्या राष्ट्रीय रॅलीत स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच घरातले तिघे गेले. आपल्या गावांत रॅली म्हणजे जत्रा वाटते, पोरं वळणाच्या बाहेरच्या अंगाला बसतात. गावात आधी जाऊन हात जोडून सांगणं हे आयोजकाइतकंच आपलंही काम आहे.

नेव्हिगेटर म्हणून बहीण चालेल का? आणि नोट्स मराठीत वाचल्या तर?

दोन्ही उत्तम. स्पर्धेचा परवाना दोघांनाही लागतो, तो एफएमएससीआयकडून मिळतो. नेव्हिगेटर गाडीत उलटी न होता वाचू शकतो का, एवढं आधी बघा. चंदगडच्या वळणांवर मागच्या सीटवर बसवून वहीतलं वाचायला लावा, लगेच कळतं.

नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या खुणा नेव्हिगेटर वाचून सांगतो त्या, इंग्रजीतच हव्यात असा नियम नाही. मी आणि माझ्या मावसभावाने मराठीत सुरुवात केली. ‘डावं तीन, लांब, आत दगड, मग शंभर, चढावर उजवं पाच.’ आकडा १ म्हणजे सगळ्यांत अवघड वळण, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. ‘उजवं’ आणि ‘डावं’ इंजिनाच्या आवाजातही वेगळे ऐकू येतात, पण ‘सहा’ आणि ‘दहा’ घोटाळा करतात. म्हणून आम्ही अंतराला दहा कधी वापरलं नाही. भीतीच्या क्षणी कानाला जी भाषा अर्थ न लावता कळते, तीत वाचा. कन्नड असेल तर कन्नड.

विमा अपघाताला पैसे देतो का?

नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. स्टेजवर मोडलेली गाडी तुमची तुम्हीच भरायची, हे घरी आधी सांगा.

पैसे कमी आहेत. आधी काय, नंतर काय?

आधी हेल्मेट, हान्स, कपडे, सीट, बेल्ट. मग केज. मग वायरिंग, ब्रेक, शॉक, संप गार्ड. मग टायर, तेही मातीचे आणि स्टेपनीसकट. मग प्रवेश फी, बंगळूरपर्यंतच्या पाचशे किलोमीटरचं गाडी वाहून नेणारं वाहन, दोन मित्रांचं जेवण-राहणं. यातून उरलं तर इंजिन. केजचे पैसे जमेपर्यंत टीएसडी करत राहा, दोन वर्षं लागली तरी लागू देत.

पहिली रॅली करून आलो. आता गाडीचं काय करायचं?

धुवायची घाई करू नका. आधी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवा आणि विजेरी घेऊन खाली झोपा. सुकलेल्या चिखलात एखादा ओला, काळपट पट्टा दिसला तर तिथे तेल गळतंय. पाणी मारलं की ही खूण गेली. नट घट्ट केल्यावर त्यावर मारलेल्या पिवळ्या रंगाच्या रेषा सरकल्या आहेत का ते एकेक करून बघा. मग धुवा, आणि केजच्या पायांजवळ, टॉवरच्या कडांना रंगाला केसासारखी चीर गेली आहे का ते बोटाने चाचपा. सापडलेलं सगळं तारखेसह वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या रॅलीनंतर एकतीस गोष्टी होत्या, दुसरीनंतर एकोणीस.